डब्यांवरचे देव

बाबांच्या पायावर डाय पडली तेव्हा मी आठवीत होते. भोसरीच्या एमआयडीसीत एका प्रेसशॉपमध्ये ते कॉन्ट्रॅक्टवर कामाला होते. पत्र्याला आकार देणारा तो जड लोखंडी साचा साखळीतून सुटला आणि त्यांच्या उजव्या पंजावर आला. पाय वाचला, पण चाल गेली. आठ तास उभं राहून प्रेस चालवणं जमेना, तसा त्यांना ब्रेक मिळाला. आमच्याकडे कुणाला कामावरून काढलं असं म्हणत नाहीत, ब्रेक दिला म्हणतात. हा ब्रेक कायमचा होता.

गाव बीडकडचं. परत जावं असं तिथं काही उरलं नव्हतं. भोसरीत पत्र्याची एक खोली, एक स्टोव्ह आणि आम्ही तिघं. आईनं शेजारच्या खोलीतल्या चार पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. डबे भरून झाले की उरेल ते आमचं. कित्येक दिवस आमच्या वाटणीला आमटी कमी आणि पाणीच जास्त यायचं. भांडी घासायला मी, भाजी चिरायला बाबा. कारखान्यात पत्रा कापणारा माणूस खाली बसून मेथी निवडायचा आणि कुणी आलं की पाट उभा करून त्याच्याआड पाय झाकून बसायचा.

चाराचे बारा झाले, बाराचे तीस. ते डबे मी सायकलवर पोचवायचे, नंतर एका जुन्या स्कूटीवर. पहाटेची फेरी करून शाळा, मग कॉलेज. कॉलेजात मी इंग्रजी घेतलं. का? तर सगळे म्हणत होते की हिला इंग्रजी झेपणार नाही. आईनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, बाबा सातवी. आमच्या दोन्हीकडच्या घरांत मिळून कुणी पदवीधर नव्हतं. मी होणार असं मी ठरवलं होतं, आणि गल्लीभर सांगूनही ठेवलं होतं. न सांगता मिळवावं एवढा नम्रपणा माझ्यात तेव्हाही नव्हता, आजही नाही.

आणि शेवटच्या वर्षाला मी नापास झाले. एकाच पेपरात. जगातल्या जुन्या साहित्याचा पेपर होता आणि त्यात निम्मे मार्क ग्रीक देवदेवतांना.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि ती घेऊन हा पेपर शिकवणाऱ्या मॅडमकडे गेले. मॅडम वाचत होत्या. दुसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढला, तिसऱ्या पानावर पदराचं टोक तोंडाला लावलं.

"अगं, तू अपोलोचं लग्न आर्टेमिसशी लावलंस!"

"हो मॅडम. जोडीच आहे ना ती?"

"भाऊबहीण आहेत ते! जुळे!"

मॅडमनी पान उलटलं.

"आणि ही अथेना. झ्यूसची पत्नी, महान पतिव्रता. अगं, मुलगी आहे ती त्याची. तिनं जन्मात लग्न केलं नाही."

"मॅडम, आमच्याकडे देवाशेजारी बाई उभी असली की ती त्याची बायको असते. शंकर-पार्वती, खंडोबा-म्हाळसा, लक्ष्मी-नारायण. पुस्तकात चित्र होतं, दोघं शेजारी उभे होते."

"मग मारुती?"

"तो एकटा आहे म्हणून तर एकटा उभा असतो, मॅडम."

मॅडम इतक्या हसल्या की स्टाफरूममधले बाकीचे सर वळून पाहायला लागले. मलाही हसू आलं. पण बाहेर पडल्यावर नाही. कारण जाताजाता मॅडमनी सांगितलं होतं, "ही तुझी शेवटची संधी समज. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलतोय. हा पेपर आता राहिला तर नव्यानं सगळंच द्यावं लागेल." म्हणजे सगळं वर्ष. घरी ते परत जमणार नव्हतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुस्तक घेऊन बसावं असा सलग तास मला दिवसात मिळत नव्हता. हातात असायचे ते डबे. मग मी डब्यांचाच अभ्यास केला.

माझ्या पहिल्या फेरीत बरोबर बारा डबे होते. ऑलिंपस डोंगरावर मुख्य देवही बारा. मी परमनंट मार्कर घेतला आणि एकेका झाकणावर एकेक नाव टाकलं. आधी तिथं खुणा असायच्या, लाल टिपका म्हणजे बिनतिखट, दोन रेघा म्हणजे पोळीऐवजी भाकरी. आता देव आले.

खऱ्या माणसांची नावं इथं लिहिणार नाही. देवांची आहेतच.

झ्यूस, वीज पाडणारा देवांचा राजा, म्हणजे फॅब्रिकेशनच्या शॉपमधले सुपरवायझर काका. सोलापूरचे, भरघोस दाढी, आणि आवाज असा की ग्राइंडर चालू असतानाही त्यांची शिवी तीन शेड पलीकडे ऐकू जाते. आमचे निम्मे डबे त्यांच्याच शब्दावर लागलेले. हर्मिस, पायांना पंख असलेला देवांचा निरोप्या, म्हणजे चाकणला माल पोचवणारा टेम्पोवाला, जो डबा कधी उभं राहून घेत नाही, टेम्पो चालता ठेवूनच हात बाहेर काढतो. गाण्याचा देव अपोलो आणि त्याची जुळी आर्टेमिस म्हणजे नांदेडचे भाऊबहीण, दोघं एकाच खोलीत राहायचे आणि वेगवेगळ्या कंपन्यांत जायचे. त्यांचे दोन डबे एकमेकांवर ठेवताना मी रोज मनात म्हणायचे, भाऊबहीण, भाऊबहीण, लग्न नाही. डायोनिसस, दारूचा देव, कुणाला द्यावा या विचारात होते, तर एकजण स्वतःच म्हणाला, "ताई, बुधवारी संध्याकाळी मला बघ. तो डबा माझा." आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे बुधवार संध्याकाळला इथं वेगळंच तेज असतं.

अथेना म्हणजे क्वालिटीत माल तपासणारी ताई. कोकणातली. खिशात कायम मापाची पट्टी आणि नजर अशी की जॉबमधला, म्हणजे तयार होणाऱ्या सुट्या भागातला, केसाएवढा फरक नुसत्या डोळ्यांना कळायचा. आईच्या पोळ्यांचे व्याससुद्धा तिनं एकदा सांगितले होते. झाकण बघून ती म्हणाली, "ही कोण बाई?"

"बुद्धीची देवी. युद्धाचीही. बापाच्या डोक्यातून चिलखत घालूनच बाहेर आली."

"नवरा?"

"नाही. केलंच नाही लग्न."

"आणि देऊळ आहे तिला?"

"देऊळ काय, अख्खं शहर तिच्या नावाचं आहे."

"बघ," ताई डबा उचलत म्हणाली. "आणि मला भोसरीत खोली बघायला गेले की विचारतात, मिस्टर कधी येणार."

बाबांचा डबा त्या बारात नव्हता, ते घरीच जेवायचे. पण हेफेस्टस त्यांचाच, दुसऱ्या कुणाला द्यायचा माझा जीव होईना, म्हणून त्याच्या जागी एका डब्यावर पाताळाचा देव हेडीस टाकला. मी त्यांच्या ताटाच्या कडेला लिहिलं. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि विचारलं, "हा काय करतो?"

"लोहार आहे, बाबा. देवांची हत्यारं, रथ, चिलखतं सगळं हाच करतो. भट्टीवर असतो. पायानं लंगडा आहे."

"देव लंगडा?"

"हो. त्याला वरून खाली फेकलं होतं. आईनंच. दुसरी गोष्ट आहे तीत बापानं फेकलं."

बाबा म्हणाले, "म्हणजे ब्रेक दिला."

"तसंच."

"मग परत घेतला का?"

"घेतला. गाढवावर बसवून वाजतगाजत आणला. त्याच्याशिवाय त्यांचं चालेना."

"चालंलच कसं," बाबा म्हणाले. "बाकीच्यांत कामाचा माणूस कोण हाय? एक गाणं म्हणतो, एक दारू पितो, एक नुसता वीज पाडतो." मग त्यांनी जुडी परत उचलली. पण त्या दिवसापासून कुणी दारात आलं तर पाय झाकणं त्यांनी सोडून दिलं. मी हे बघितलं. आमच्याकडे असल्या गोष्टी बोलून दाखवत नाहीत.

आईला मी हेस्टिया दिली. चुलीची देवी. तिच्या गोष्टीच नाहीत फारशा. कुणाशी भांडली नाही, कुणाच्या मागं लागली नाही. घराघरात पहिला घास तिचा असायचा एवढंच. आई पोळी लाटतच म्हणाली, "गोष्टीला टाइम कुठला मिळायला तिला? सगळ्यांचं जेवण कोण करायलंय मग?"

दोन महिन्यांत माझी फेरी पाठ झाली. बारा थांबे, बारा देव, कोण कशाचा देव आणि त्याची खूण काय. गिऱ्हाइकंही तयार झाली. टेम्पोवाला लांबून ओरडायचा, "हर्मिसचा डबा! पंख लावलेत टेम्पोला, लवकर द्या!"

मग सुपरवायझर काकांची बायको गावाहून आठ दिवसांसाठी आली.

काकू शिकलेल्या नव्हत्या फार, पण मोबाइल त्यांच्या हातात व्यवस्थित चालायचा. झाकणावरचं नाव त्यांनी फोनला बोलून विचारलं आणि फोननं सगळं सांगितलं. झ्यूस हंस झाला कुणासाठी, बैल झाला कुणासाठी, सोन्याचा पाऊस होऊन कुणाच्या खोलीत पडला. त्या डबा घेऊनच आमच्या दारात आल्या. काका चार पावलं मागं.

"वहिनी," त्या आईला म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं तुम्हाला असं काय दिसलं ते सांगा. मी तिकडं सासूचं करत बसलीय, आन् हितं ह्यांना असल्या देवाचं नाव पडतंय?"

आईच्या हातात लाटणं, तोंड उघडं. "कोणत्या देवाचं?"

"काकू, काका वीज पाडतात ना, म्हणजे आवाज मोठा आहे म्हणून..." मी मधे पडले.

"बैल झाला हुता म्हणं त्यो!"

मागून काका म्हणाले, "अगं, बैल तर तू मला रोजच म्हणतीस. त्यात नवीन काय?"

"तुमी गप्प बसा!"

तीन शेड पलीकडे ऐकू जाणारे काका गप्प बसले. मला क्षणभर वाटलं, झ्यूसची बायको हेरा, ती खरी कोण ते आता शोधायला नको. पण हसायची सोय नव्हती. निम्मे डबे या माणसाच्या शब्दावर होते. आईनं माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "सगळे पूस. आज."

परमनंट मार्कर साबणानं जात नाही. बाबांनी थिनर आणि चिंध्या आणल्या आणि आम्ही दोघं बसलो. एकेक देव पुसत होतो. अथेना गेली, अपोलो गेला. ताटाच्या कडेचा हेफेस्टस मात्र बाबांनी उलटा करून ठेवला. "हे ताट घरातलंच हाय," म्हणाले.

परीक्षेला तीन आठवडे होते. नावं पाठ होती, पण नात्यांचा गोंधळ अजून होता तसाच. कोण कुणाचा काका, कुणाचा मुलगा कुणाशी का भांडतो, झ्यूस मोठा का. डबे सांगत होते कोण कुठं उतरतो ते, कोण कुणाचं ते सांगत नव्हते. मला रडू आलं ते या गोष्टीचं.

आमच्या खोलीची घरमालकीण आजी. जुन्या भोसरीतल्या, शेती करणाऱ्या घरच्या. जमिनी कारखान्यांना गेल्या, त्या जागी खोल्या उठल्या. दर गुरुवारी कारखाने बंद म्हणून त्या आमच्या दारातल्या कट्ट्यावर येऊन बसायच्या. त्या गुरुवारी मी पुस्तक मांडीवर घेऊन डोळे पुसत होते.

"काय गं पोरी, काय झालं?"

"ह्या देवांची नाती लक्षात राहत नाहीत, आजी."

"सांग मला. आमी काय इंग्रजी शिकलेल्या न्हाई, पन नाती कळत्यात."

मी सांगायला लागले. जुना राजा क्रोनस, त्यानं स्वतःची मुलं गिळली, धाकट्या झ्यूसला आईनं लपवलं, त्यानं मोठा होऊन बाकीच्यांना सोडवलं. मग झ्यूस, पोसायडन आणि हेडीस, या तिघा भावांत राज्य वाटलं.

आजी सरसावल्या. "वाटप कसं केलं?"

"चिठ्ठ्या टाकून."

"बराबर केलं. आमच्या सासऱ्यांनीबी तसंच केलं व्हतं. कुणाला काय आलं?"

"झ्यूसला आभाळ, पोसायडनला समुद्र, हेडीसला पाताळ."

"आन् जमीन?"

मी पान उलटलं. "जमीन तिघांची. आणि ऑलिंपस डोंगरपण."

"सामाईक?"

"सामाईक."

आजींनी मांडीवर थाप मारली. "मंग भांडान आलंच! सामाईक ठेवलं की झालं. आमची इहीर सामाईक व्हती, तिच्यापायी दोन पिढ्या एकामेकांच्या लग्नाला गेल्या न्हाईत. ज्या भावाला समिंदर आलाय त्यो म्हननार, जमीन माझीबी हाय, मी किनारा वलांडनार. आभाळवाला म्हननार, मी मोठा."

"झ्यूस धाकटा आहे, आजी."

"धाकटा आन् वर बसलाय? मग तर इचारूच नको!"

मी पुस्तकात बघितलं. पोसायडन खरोखरच तसं म्हणतो. तू तुझ्या तिसऱ्या हिश्श्यात राहा, मला हुकूम करू नकोस, तुझ्या पोराबाळांना कर. शहरांवर हक्क सांगतो, पुतणी अथेनाशी शहरासाठी भांडतो आणि हरतो, हरल्यावर रागानं पाणी सोडतो. मला एकदम सगळं दिसलं. मी इतके दिवस जोड्या लावत बसले होते. हे देव जोडीनं नव्हतेच. ही भावकी होती.

त्या दुपारी आजींनी माझ्याकडून सगळं कुळ बोलून घेतलं. हेरा ही बहीण आणि बायकोही, तेव्हा आजींनी कानाला हात लावला आणि "फुडं सांग" म्हणाल्या. सुट्टी म्हणून गिऱ्हाइकं जेवायला घरीच आली होती, ती ताटं घेऊन भोवती बसली.

"ह्यांना निवद काय लागतो?" आजींनी विचारलं.

"बैल कापायचे. हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळायची. मटण माणसांनी खायचं. एकानं देवांना तसं फसवलं होतं म्हणे."

"हाडं देवाला आन् मटान आपल्याला? लई हुशार लोकं."

सुपरवायझर काकाही आले होते, काकूंना घेऊन. काकू बाजूला बसून ऐकत होत्या. तिसऱ्या पोळीला त्या म्हणाल्या, "त्या हेरानं मग काय केलं? नुसतं सोसलं?"

"नाही काकू. एकदा बाकीच्या देवांना फितवून नवऱ्याला झोपेत बांधून टाकलं. शंभर गाठी मारून."

काकू काकांकडे बघून म्हणाल्या, "ही चांगली हाय. माझ्या ह्यांच्या डब्यावर नाव टाकायचंच तर हिचं टाका."

"म्हणजे डब्यावर बायकोचं नाव?" टेम्पोवाला म्हणाला. "काका, संपला विषय. आता शिफ्टमध्ये आवाज निघायचा नाही."

काका म्हणाले, "हसा राव, हसा. उद्या ओव्हरटाइम लावतो एकेकाला." पण डबा काही बंद झाला नाही.

पुढचे तीन आठवडे डब्यांवर काही लिहिलेलं नव्हतं, तरी प्रत्येक थांब्यावर मला एक प्रश्न यायचा. अथेना ताई मापाची पट्टी रोखून विचारायची, "पर्सेफोनीचा सासरा कोण?" मी विचारात पडायचे, हेडीसची बायको पर्सेफोनी, हेडीसचा बाप क्रोनस. "क्रोनस." "आणि आईचा बाप?" आई डिमीटर, तिचा बाप... "तोही क्रोनस!" "ओके, पास," म्हणून ती डबा घ्यायची, जॉब पास करते तशीच. चुकलं तर "रिजेक्ट" म्हणायची आणि उभी करून ठेवायची. दोनदा मला पुढच्या डब्याला उशीर झाला, त्यावरून टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

परीक्षेचं केंद्र कासारवाडीजवळ होतं. आईनं त्या दिवशी मला फेरी करू दिली नाही. स्कूटीवर मागं डब्यांची पिशवी आणि पुढं बाबा. पाय जायबंदी झाल्यापासून त्यांनी गाडी चालवली नव्हती. मी घाबरले, तर म्हणाले, "स्कूटीला गिअर नसतो. मला माहितीय. तू पेपर बघ."

प्रश्न आला तो मोठा होता. ग्रीक देवांमधले संघर्ष कशातून निर्माण होतात, उदाहरणांसह लिहा. माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा प्रेमप्रकरणांची यादी लिहायला लागला असावा, कारण तो सारखा बोटं मोजत होता. मी आधी वंशावळ काढली. मग लिहिलं की हे देव म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाटणी झालेलं एक घर आहे, आभाळ, समुद्र आणि पाताळ ज्याचं त्याला मिळालं, पण जमीन तिघांत सामाईक राहिली, आणि माणसं राहतात ती नेमकी त्याच सामाईक जमिनीवर. म्हणून देवांचं प्रत्येक भांडण माणसाच्या अंगणात येतं. इंग्रजीत सामाईकला शब्द आठवेना, तेव्हा लिहिलं की ही जमीन सगळ्यांची होती आणि कुणा एकाची नव्हती. सात पानं झाली. आर्टेमिसला मी अपोलोची जुळी बहीण असं दोनदा लिहिलं, एकदा खाली रेघ मारून.

बाहेर बाबा उभे होते. रिकाम्या पिशव्या हँडलला अडकवलेल्या. सगळे डबे पोचवून ते सरळ केंद्रावर आले होते. "कसा गेला?" म्हणाले.

"चांगला गेला असं वाटतंय."

"वाटतंय का गेलाय?"

"गेलाय, बाबा."

निकालापर्यंतचे दिवस लांबले. आजी रोज विचारायच्या, लागला का. देवाला नारळ बोलली आहेस का, असं आईला विचारायच्या, आणि आई म्हणायची, बोलले, पण कोणत्या देवाला ते सांगणार नाही. निकाल आला तेव्हा मी इंद्रायणीनगरात अथेना ताईच्या कंपनीच्या गेटवर होते. मी नंबर दोनदा चुकीचा टाकला, तर ताईनं फोन घेतला, नंबर टाकला, एकदा बघितलं, परत एकदा नीट बघितलं. मग म्हणाली, "पास."

त्या पेपरात मला शंभरात एकाहत्तर मार्क पडले. मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर आहे.